फक्त आमचाच राउटर

सांगलीत नेटवर्क इंजिनिअरांची सभा भरली होती. इंटरनेटचे जुने पत्ते संपत आले होते आणि नव्या प्रोटोकॉलवर कसं जायचं, यावर मोकळी चर्चा करायची होती. कुणीही कंपनीची जाहिरात करायची नाही, हा नियम सूत्रसंचालक मृदुला खांबेटे यांनी सुरुवातीलाच सांगितला.

तरी एका राउटर कंपनीचे उपाध्यक्ष रणदिवे माइक घेऊन उभे राहिले आणि आपल्या राउटरचे गुण गाऊ लागले. सभागृह त्यांच्याच कंपनीने दिलेलं, त्यामुळे त्यांना अडवायला कुणी धजेना. मृदुलाताईंनी घसा खाकरून नियमाची आठवण करून दिली.

"ही जाहिरात नाही, मॅडम, वस्तुस्थिती आहे," रणदिवे म्हणाले. "हा प्रोटोकॉल फक्त आमच्याच राउटरला नीट येतो."

"प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा ना, साहेब?" मृदुलाताईंनी विचारलं.

"अर्थात!"

"ती एकट्या तुमच्याच राउटरला येत असेल, तर तो बोलत नाहीये. स्वतःशीच पुटपुटतोय."

रणदिवे हशा ओसरेपर्यंत उभे राहिले, मग खाली बसले.

मागच्या रांगेतून एक हात वर आला. तो रणदिव्यांच्याच कंपनीतल्या एका इंजिनिअरचा होता.

"आमच्या राउटरची एक अडचण आहे," तो म्हणाला. "कंपनीचं नाव घेत नाही."