विरजणाचं देणं

"उद्यापासून या नगरात कुणी कुणाकडून काहीही उसनं घ्यायचं नाही!" अशी राजा यशपाळाने दवंडी पिटवली आणि दुसऱ्याच दिवशी गोजरा रंगारीण पकडली गेली. तीही चमचाभर विरजणासाठी!

राजवाड्याचा खर्च हाताबाहेर गेला होता; हत्तींच्या जरीच्या झुलीसुद्धा कर्ज काढून शिवल्या होत्या. सावकाराचा माणूस वसुलीसाठी थेट दरबारात येऊन बसला, तेव्हा राजाला घाम फुटला. कारभारी तिमाजीपंतांनी हळूच सुचवलं, "महाराज, उसनवारीची खोड मुळात प्रजेला. तीच हवा वाड्यात शिरली." राजाला हे फार पटलं. दोष दुसऱ्याचा निघाला की त्याला नेहमीच पटायचं.

गोजराचं घर मात्र उसनवारीवरच चालायचं. नवरा कोंडाजी लुगडी रंगवायचा. मजुरी हातात पडायची बाजाराच्या दिवशी. पुढचा बाजार येईतो कधी गुळाचा डबा, कधी मिठाचं मडकं तळाला जायचं. मग वाटी घेऊन शेजारी जायचं आणि बाजार झाला की तीच वाटी शिगोशीग भरून परत करायची. सगळी आळीच अशी. त्या दिवशी मांजराने दह्याचं गाडगं लवंडलं, म्हणून ती भागूकाकूंकडून विरजण घेऊन आली. दूध विरजलं आणि वळून बघते तो दारात शिपाई!

"उसनं घेतलंस?" दरबारात राजाने विचारलं.

"घेतलं, महाराज. चमचाभर. उद्या दोन चमचे देते की!"

"दोन? म्हणजे वर व्याजसुद्धा!" राजा कडाडला. "ते काही नाही. घेतलंस तेच विरजण परत करायचं. दुसरं दही चालणार नाही!"

"अहो, पण ते दुधात पडलं. आता ते निराळं कसं काढू?"

"ते तू बघ. उद्या दरबार भरेपर्यंत ज्याचं विरजण त्याच्या घरी पोचलं पाहिजे. नाही पोचलं, तर तुमच्या रंगाच्या कढया जप्त!"

घरी कोंडाजी कढईचा काठ धरून बसला होता. "कढया गेल्या तर मी काय करू? लोकांची लुगडी पाण्यात बुडवून तशीच परत देऊ?"

"गप बसा हो जरा," गोजरा म्हणाली. तिने गाडग्यात डोकावून पाहिलं. दही छान लागलं होतं, अगदी घट्ट. त्यातलं भागूकाकूंचं कुठलं आणि आपल्या दुधाचं कुठलं? ज्याचं विरजण त्याच्या घरी, म्हणे! ज्याचं त्याच्या घरी... ती एकदम थांबली. डोक्यावरून पदर घेतला आणि तडक भागूकाकूंचं दार ठोठावलं.

"काकू, तुमचं विरजण तुमचंच ना?"

"माझं कुठलं, बाई? कारभाऱ्यांच्या घरी मसाला कुटायला जाते ना मी, तिथून मागून आणलं."

गोजरा कारभाऱ्यांच्या घरी गेली. कारभारीणबाई म्हणाल्या, "आमचं उन्हाने नासलं होतं गं. म्हणून ह्यांनीच वाड्याच्या मुदपाकखान्यातून वाटीभर उसनं आणलं."

मग ती मुदपाकखान्याच्या मागच्या दाराशी गेली. तिला बघताच आचारी गुंडभट ओशाळला आणि हात जोडून काहीतरी पुटपुटला. ते ऐकून गोजराने तोंडाला पदर लावला आणि हसू दाबत घर गाठलं.

सकाळी ती दरबारात आली ती रिकाम्या हातांनी.

"विरजण कुठाय?" राजाने विचारलं.

"ज्याचं त्याच्या घरी पोचलं, महाराज!"

"भागूबाईकडे?"

"नाही. त्यांचं नव्हतंच ते. त्यांनी कारभारीणबाईंकडून उसनं घेतलं होतं."

सगळे तिमाजीपंतांकडे बघायला लागले. तिमाजीपंत छताची नक्षी बघायला लागले.

"कारभाऱ्यांचंही नव्हतं," गोजरा पुढे म्हणाली. "त्यांनी राजवाड्यातून उसनं नेलं होतं."

"म्हणजे माझं!" राजा ताठ बसला. "मग वाड्यात आणून दे!"

"दिलं असतं, महाराज. पण शिमग्याला तुमच्याकडे पाहुण्यांची पंगत बसली आणि वाड्यातलं सगळं दही संपलं. तुम्हाला तर ताकाशिवाय घास उतरत नाही. तेव्हा गुंडभट वाटी घेऊन एका रंगाऱ्याच्या मागच्या दाराला आले होते. विचारा त्यांना, ती वाटी अजून परत गेली नाही! तेव्हा विरजण निघालं माझ्या घरून आणि आलं माझ्याच घरी. माझं देणं तर फिटलं. आता भागूकाकूंचं काय जप्त करायचं, कारभाऱ्यांचं काय आणि महाराजांचं काय, तेवढा हुकूम व्हावा!"

राजाने गुंडभटाकडे पाहिलं. गुंडभटाने मान खाली घातली. आणि राजा असा खदखदून हसला, की डोक्यावरचा मुकुट त्याला हाताने सावरावा लागला.

"दवंडी मागे घ्या!" डोळे पुसत तो म्हणाला. "पण बाई, एक सांग. तूही उसनं घेतेस, मीही घेतो. मग सावकार माझ्याच दारात कसा?"

"मी मीठ-गुळापुरतं घेते, महाराज. हत्तीला जरीची झूल हवी म्हणून वाटी घेऊन शेजारी गेले असते, तर माझ्याही दारात आला असता!"

राजा पुन्हा हसला, या खेपेला जरा ओशाळून. "तिमाजीपंत, झुली विका आणि सावकाराला वाटेला लावा. आणि गोठ्यातली सगळ्यात दुभती म्हैस या बाईच्या दारात नेऊन बांधा!"

गोजराने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "महाराज, म्हैस बक्षीस आहे ना? उसनी असली तर आधीच सांगा, ज्याची त्याच्या घरी पोचवायला मला भारी लांब पडेल!"