टिंगू कोळी आणि हट्टी वेल

डोंगरावर एक दगडी बंगली. बंगलीच्या भिंतीला एक भोक. त्या भोकात राहायचा टिंगू कोळी. केवढा? तिळाएवढा! पाय मात्र आठ. जाळं विणायचा त्याला कंटाळा. तो उड्या मारायचा. टुणुक टुणुक!

एकदा टिंगू फिरून घरी आला. बघतो तर काय? दार गायब! दारावर चढली होती आयव्हीची वेल. ही वेल आली दूर देशाहून, समुद्रापलीकडून. आली इवल्याशा कुंडीत आणि पसरली भिंतभर!

आता अंधार पडणार. पाल बाहेर येणार. चुक चुक चुक! टिंगूला घर हवंच.

"वेलीताई, वेलीताई, दारातून हट!"

"नाही हटणार, जा! माझ्या बारीक बारीक मुळ्यांनी भिंत धरलीय. सोडली तर धपकन पडेन. धरायला काठी दे, मग हटते."

"एवढंच ना? आत्ता आणतो!" टिंगू निघाला. टुणुक टुणुक!

कुंपणाशी काठी लोळत होती.

"काठीबाई, काठीबाई, उभी राहा! वेल हटेना, मला घर मिळेना!"

"नाही राहणार, जा! मला पाय आहेत का? गेनूमामांनी रोवलं, तर उभी राहीन."

टुणुक टुणुक! गेनूमामा माळी पायरीवर बसले होते.

"गेनूमामा, गेनूमामा, उठा! काठी उभी राहीना, वेल हटेना, मला घर मिळेना!"

"नाही उठणार, जा! खणून खणून कंबर धरलीया. चहा पोटात गेल्याबिगर मी हलत नसतो."

टुणुक टुणुक! स्वयंपाकघरात होती तान्हीमावशी.

"तान्हीमावशी, तान्हीमावशी, चहा दे! मामा उठेनात, काठी उभी राहीना, वेल हटेना, मला घर मिळेना!"

"नाही देणार, जा! पाणी उकळलंय, साखर पडलीय. पण दूध कुठंय? जा, शेळीला सांग."

टुणुक टुणुक! शेळी खुंट्याला बांधलेली. ती नाचत होती थयथय.

"शेळीताई, शेळीताई, दूध दे! मावशी चहा देईना, मामा उठेनात, काठी उभी राहीना, वेल हटेना, मला घर मिळेना!"

"नाही देणार, जा! कानात माशी घूं घूं करतेय. माझं डोकं उठलंय. आधी तिला घालव!"

टिंगू चढला शेळीच्या शिंगावर. टुणुक!

"माशीबाई, माशीबाई, शेळीला सोड! शेळी दूध देईना, मावशी चहा देईना, मामा उठेनात, काठी उभी राहीना, वेल हटेना, मला घर मिळेना!"

"नाही सोडणार, जा! तू तिळाएवढा. तू काय करणार?"

टिंगू खुदकन हसला. अगं माशे, कोळ्याला काय विचारतेस! माशी म्हणजे तर त्याचं जेवण! त्यानं पाय आवळले. डोळे रोखले. आणि... टुणुक! गट्टम्!

माशी गेली, शेळी थांबली. शेळीनं दूध दिलं. चुर्र चुर्र! दुधाचा चहा झाला. खद खद! मामा चहा प्याले. फुर्र फुर्र! मग उठले बाई एकदाचे. त्यांनी काठी रोवली. ठक ठक! वेलीचा कोवळा शेंडा हळूच सोडवला. पट् पट् पट्! मुळ्या सुटल्या. शेंडा बसला काठीवर आणि दार झालं मोकळं!

"वेलीताई, पडलीस का?"

"नाही रे! मजेत आहे. टिंगू, तुझ्या दाराला एक पान धरू? सावली होईल."

"वर धर. दारात नको!" असं म्हणून टिंगू घरात शिरला. पाल आली. चुक चुक चुक! बसली हात चोळत.

टिंगू आत, दिवा मंद,
आता आपले डोळे बंद!