गोठ्याच्या भिंतीवरचा बेत

पाटाच्या कडेला वसलेल्या एका गावात गोरक्ष नावाचा माणूस राहत होता. थोडी जमीन, दोन गायी, एक वासरू आणि एक संगणक, असा त्याचा संसार. बायको-मुलं होती, पण ती म्हणायची की आमचा नंबर संगणकानंतर.

संगणकाचं एक असतं. त्याला अक्षरं दिसतात, पण वाचता येत नाही. ‘दगडू, गहू, चार तास’ असं कोणी लिहिलं, तर त्यात माणूस कोणता, पीक कोणतं आणि वेळ कोणती, हे त्याला आपणहून कळत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी बसून एक वाचणारा घडवावा लागतो. आधी नाव येईल, मग पीक येईल, मग तास येतील, असं सगळं हाताला धरून शिकवावं लागतं. प्रत्येक कामाला वेगळा वाचणारा. तो घडवायचा म्हणजे महिना महिना मोडतो.

गोरक्षने यावर एक अवजार केलं होतं. तुम्ही फक्त लिखाणाचे नियम सांगायचे, त्यावरून वाचणारा ते अवजार घडवून देई. त्याला तो ‘चाळण’ म्हणायचा. आणि चाळण सगळ्यांची होती. कोणीही न्यावी, वापरावी, उघडून आत कसं चाललंय ते बघावं. काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. दाम नाही, परवानगी नाही. वाटेवरच्या झाडाखाली बसायला कोणी विचारतं का, तसं.

त्याच गावात मथुराताई पाणी वापर संस्थेचं काम बघायची. पाटाचं पाणी पाळीपाळीने सोडतात. पाट गावात शिरतो तिथे सर्जेरावांचा ऊस होता. पाट संपतो तिथे दगडूनानांचं शेत होतं. पूर्वी पाणी सुटलं की ज्याचा आवाज मोठा, त्याचं शेत आधी भिजायचं. सर्जेरावांचा आवाज फार मोठा होता. नानांच्या शेतापर्यंत पाण्याची नुसती बातमी पोचायची.

मथुराताईने चाळणीतून एक वाचणारा घडवून घेतला. आता जो तो फोनवरून निरोप पाठवी, वाचणारा ते निरोप वाची, आणि पाळीचं पत्रक तयार होई. ते संस्थेच्या दाराला चिकटवलं की झालं. कागदापुढे मोठा आवाज चालत नाही. सर्जेरावही पत्रक बघून मुकाट्याने शेतात पाणी नेणाऱ्या चारीचं दार बंद करायचे. नानांच्या शेतात पाणी येऊ लागलं.

एकच खोट होती. नाना निरोपात तास लिहायचेच नाहीत. ते लिहायचे, ‘मागच्यासारखंच’.

झालं, संगणक अडायचा. पडद्यावर एवढंच लिहायचा: ‘चूक.’ कुठे चूक, कोणाची चूक, काही नाही. आणि नानांच्या नावावर अडला की पुढच्या कोणाचंच वाचायचा नाही. मथुराताई बिचारी एकेका निरोपावर बोट ठेवत शोधत बसायची.

“नाना, तास लिहा की हो.”

“अगं, मागच्या वेळी लिहिले होते ना? मधल्या मधे शेत वाढलं का माझं?”

दिवाळी झाली. गोरक्षने चाळणीवर काम करणाऱ्या मंडळींना घरी बोलावलं. पुढच्या वर्षी चाळण कशी सुधारायची, याचा बेत करायचा होता. नागपूरहून रेणुका आली. तिच्या कचेरीत चाळण कागदांचे ढीग वाचायची. मालेगावहून इरफान आला. त्याच्याकडे मागावरची नक्षी कशी विणायची, ते चाळणीने घडवलेला वाचणारा मागाला सांगायचा. आणि गावातली म्हणून मथुराताई आली.

गोठ्याला नुकताच चुना दिला होता. पांढरी स्वच्छ भिंत बघून गोरक्षने कोळसा हातात घेतला.

“बोला,” तो म्हणाला.

“वेग,” रेणुका म्हणाली. “चहा पिऊन परत आलं तरी वाचणं चाललेलंच असतं, दादा.”

गोरक्षने भिंतीवर लिहिलं, वेग.

“लांबलचक नक्षी एका दमात वाचता आली पाहिजे,” इरफान म्हणाला.

तेही लिहिलं. मग गोरक्ष जरा थांबला आणि लाजत म्हणाला, “माझ्या मनात नियम लिहायची नवी रीत आहे. जुनी मी घाईत केली होती. ती बघितली की मला स्वतःचीच कीव येते. नवी अशी सुटसुटीत होईल, की वाचताना गोड वाटेल.” आणि त्याने ‘नवी रीत’ असं मोठ्या अक्षरात, सगळ्यांच्या वर लिहिलं.

“तुमचं काय, ताई?”

“माझं थोडंसंच आहे,” मथुराताई म्हणाली. “अडलं तर कुठे अडलं ते सांगावं. आणि एकाचं अडलं म्हणून बाकीच्यांना ताटकळत ठेवू नये.”

इरफान हसला. “ताई, याला डागडुजी म्हणतात. आपण सुधारणा बोलतोय.”

सगळे हसले. मथुराताईही हसली. वर जागा उरली नव्हती, म्हणून गोरक्षने तिचं म्हणणं अगदी खाली, जमिनीपाशी लिहिलं.

थंडीभर त्याने काम केलं. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवताना नवी रीत, धार काढताना नवी रीत. एके सकाळी त्याने बघितलं, वासराने भिंतीचा चुना चाटला होता. वासरांना ती खोड असते. खालची ओळ पार गेली होती. गोरक्षने कोळसा शोधायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“मनात आहे की,” तो म्हणाला, आणि धार काढायला बसला.

नवी चाळण तयार झाली. वेग वाढला होता. लांब नक्षी वाचता येत होती. नवी रीत तर फारच देखणी झाली होती. पण जुन्या रीतीने लिहिलेले नियम तिला कळत नव्हते. गोरक्षने सगळ्यांना आगाऊ कळवलं, की आपापले नियम बदलून घ्या. मथुराताईने ते वाचलं. तिच्याकडे कांद्याची लागवड चालली होती. नवी चाळण घेऊ तेव्हा बघू, असं म्हणून तिने फोन कमरेला खोचला.

पुढे संस्थेचा संगणक बिघडला. तालुक्याच्या गावी दुरुस्तीला दिला. दुकानदार भला माणूस. त्याने न सांगता आतलं सगळं नवंकोरं करून दिलं. त्यात चाळणही नवी आली.

पाळीचा दिवस उजाडला. पाटाला पाणी सुटलं. मथुराताईने निरोप वाचायला लावले.

‘चूक.’

तिने सवयीने पहिल्यांदा नानांचा निरोप बघितला. आणि नवल बघा, त्या दिवशी नानांनी पीकही लिहिलं होतं आणि तासही लिहिले होते. मग तिने बाकीचे निरोप तपासले. एकही चुकीचा नव्हता. नियमच जुन्या रीतीचे होते, पण ते तिला सांगणार कोण? संगणक ‘चूक’ म्हणून गप्प बसला होता.

सर्जेराव दारात येऊन उभे राहिले.

“पत्रक नाही का? मग पहिल्यासारखं.”

“थांबा हो जरा, सापडेल आता.”

“पाणी थांबतंय का, मथुरा?”

त्यांनी आपल्या चारीचं दार उघडलं. त्यांचं बघून पुढच्यांनी उघडलं. पाटाच्या शेवटाला ओलसुद्धा पोचली नाही. नानांचा गहू ओंबीवर होता. दाणा भरायच्या वेळीच तो तहानलेला राहिला.

संस्थेची सभा झाली. पुढच्या पाळीलाही पत्रक निघालं नाही, तर संगणक गुंडाळून ठेवायचा आणि पूर्वीचीच पद्धत चालू करायची, असं ठरलं. मथुराताईने ऐकून घेतलं आणि सरळ गोरक्षचं घर गाठलं. ती भांडली नाही. काय झालं ते तिने सांगितलं, आणि सभेत काय ठरलं तेही सांगितलं.

गोरक्षने फोनवर रेणुकाला विचारलं, इरफानला विचारलं. दोघांचं एकच. “तुम्ही आधी कळवलं होतं. त्यांनी नियम बदलले नाहीत. तुमच्याकडे दोष येत नाही.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. गोरक्षला बरं वाटलं. मथुराताईचे नियम नव्या रीतीत लिहून द्यावेत, काम फार नाही, तेवढं केलं की आपण मोकळे, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दगडूनाना आले. हातात गव्हाच्या ओंब्यांची पेंढी होती. त्यांनी ती गायीपुढे गव्हाणीत टाकली.

“जनावराला होईल,” ते म्हणाले. “दाणा नाही धरला.”

नाना तिथेच घुटमळले. मग हळूच म्हणाले, “गोरक्षा, या वेळी मी तास लिहिले होते बरं का. सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. पण मथुरा म्हणते, यंत्राने चूक दाखवली. माझं काय चुकलं, तेवढं सांगशील? पुढच्या वेळी तसं नको करायला.”

“नाना, तुमचं काही चुकलं नाही.”

“नाही कसं? ‘चूक’ म्हणालं ना ते. माझ्यामुळे सगळ्यांचं पत्रक अडलं.”

गोरक्षने ओंबी उचलून चोळली. हातात नुसतं भुसकट आलं. नाना गेल्यावर तो गोठ्याच्या भिंतीपुढे उभा राहिला. वर त्याच्या हातची ‘नवी रीत’ ठळक दिसत होती. खाली वासराने चाटलेली जागा होती. तिथे काय लिहिलं होतं, ते नेमक्या शब्दांत आठवायला त्याला बराच वेळ लागला.

त्याने रेणुका आणि इरफान, दोघांना एकदमच फोन लावला.

“बेत बदलायचा आहे,” तो म्हणाला. “आधी जुने नियमही चालले पाहिजेत. आणि अडलं तर कुठे अडलं, का अडलं, ते साध्या शब्दांत सांगून पुढे वाचत राहिलं पाहिजे.”

“आणि वेग? अजून वाढवणार होतो ना आपण?” रेणुका म्हणाली.

“थांबेल.”

“तुमची नवी रीत, दादा? तिच्यात तर अजून केवढी भर घालायची होती.”

“तीही थांबेल.”

इरफान म्हणाला, “मी बसतो जोडीला, गोरक्षभाऊ. खरं सांगू? आमच्याकडचे कारागीर त्या ‘चूक’ला रोज शिव्या घालतात. मला वाटायचं, मलाच घालतात.”

गोरक्षने भिंत पुसली. गव्हाणीवर पाय देऊन तो वर चढला आणि मथुराताईचं म्हणणं छताखाली लिहिलं, वासराची जीभ पोचणार नाही अशा ठिकाणी. वेग त्याखाली. नवी रीत सगळ्यांत शेवटी, जमिनीपाशी.

काम किचकट होतं आणि त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. माणसं कुठे कुठे अडखळतात, हे एकेक करून शोधायचं आणि प्रत्येक ठिकाणी काय सांगायचं ते लिहायचं. चाळण कोणीही उघडून दुरुस्त करू शकत होतं, म्हणून मालेगावहून इरफान आणि शेवटी कुरकुरत रेणुकाही कामाला लागली.

पुढची पाळी आली. संस्थेच्या दारात गर्दी जमली. सर्जेराव सगळ्यांत पुढे उभे होते. गहू काढून नानांनी भुईमूग टाकला होता, तो पाण्याकडे डोळे लावून होता. मथुराताईने निरोप वाचायला लावले आणि पदराचं टोक मुठीत धरलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. तिने मोठ्याने वाचली.

“‘बाकी सगळ्यांची पाळी लावली आहे. दगडूनानांच्या निरोपात पीक आणि तास सापडले नाहीत. मागच्यासारखंच, या शब्दापाशी अडलं आहे. विचारून भरावं.’”

सगळे नानांकडे वळले.

“नाना! पुन्हा?”

“मागच्यासारखंच म्हणजे कोरडंच ना, नाना?” सर्जेराव म्हणाले.

नानांनी टोपी सारखी केली. “म्हटलं, मागच्या वेळी नीट लिहून तरी काय उपयोग झाला? आणि बघा, आता हेही आमच्या घरच्यांसारखं विचारायला लागलं. लिही बाई. भुईमूग. चार तास.”

मथुराताईने भरलं. पत्रक निघालं. तिने ते दाराला चिकटवलं. सर्जेरावांनी आपलं नाव शोधलं, तास बघितले, आणि चारीच्या दाराकडे निघाले. दिवस मावळायच्या आत पाणी पाटाच्या शेवटाला पोचलं. वाळलेला गहू काही परत आला नाही. भुईमूग मात्र भिजला.

त्या संध्याकाळी गोरक्ष गोठ्यात चारा टाकायला गेला. वासरू भिंतीला लागून उभं होतं. खालची ओळ चाटून साफ झाली होती. नवी रीत गेली होती.

कोनाड्यात कोळसा होता. गोरक्षने तो उचलला नाही.

“ती मनात आहे,” तो वासराला म्हणाला, आणि या वेळी ते खरं होतं.

तात्पर्य: आपल्या आवडीचं काम न लिहिताही मनात राहतं, दुसऱ्याची अडचण मात्र विसरायला होते, म्हणून ती सगळ्यांत वर लिहून ठेवावी.