टिचकी खेकडी आणि रुसलेले म्हातारे

एक होती खेकडी. नाव टिचकी. बोराएवढी.

डोंगरातल्या नदीत, दगडाखाली, तिचं डबकं. एवढंसं. पण तिचं.

सकाळी बघते तर पाणी कमी. दुपारी आणखी कमी. मग नुसता चिखल! टिचकीची पाठ चटचट तापली.

"पाणी नाही, तर मी नाही!" टिचकी म्हणाली. आणि निघाली.

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

नदी वाळूत आडवी पडली होती.

"नदीबाई, नदीबाई, वाहा की! माझं डबकं भरेना."

नदी म्हणाली, "कशानं वाहू? ओढा खळाळला, की मी वाहते. जा, त्याला सांग."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

"ओढोबा, ओढोबा, खळाळ की! नदी वाहेना, माझं डबकं भरेना."

ओढा म्हणाला, "कशानं खळाळू? ओहोळ झुळझुळला, की मी खळाळतो. जा, त्याला सांग."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. चढ आला. दम लागला. हाऽ हूऽ!

"ओहोळदादा, ओहोळदादा, झुळझुळ की! ओढा खळाळेना, नदी वाहेना, माझं डबकं भरेना."

ओहोळ म्हणाला, "कसा झुळझुळू? वर बांध. बांधाला फळी. फळी उठली, की मी सुटतो. जा, तिला सांग."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

"फळीताई, फळीताई, ऊठ की! ओहोळ झुळझुळेना, ओढा खळाळेना, नदी वाहेना, माझं डबकं भरेना."

फळी म्हणाली, "मी लाकडाची. आपली आपण कशी उठू? शेतं भिजली, की दोघं भाऊ मला उचलतात. या काठचा आबा, त्या काठचा तात्या. एकानं हाक द्यायची, 'होऽ!' दुसऱ्यानं म्हणायचं, 'हैय्या!' की मी उठते. जा, आबाला सांग."

शेतं कधीच भिजली होती. भिजून भिजून बुडाली होती. लसणाचे नुसते शेंडे दिसत होते. आणि आबा काठावर बसला होता. मिश्या फुगवून.

"आबा, आबा, हाक द्या की! फळी उठेना, ओहोळ झुळझुळेना, ओढा खळाळेना, नदी वाहेना, माझं डबकं भरेना."

आबा म्हणाला, "मी का? मी मोठा. आधी धाकट्यानं हाक द्यायची. जा, तात्याला सांग."

बांधावरून पलीकडे. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. तात्या बसला होता. गाल फुगवून.

"तात्या, तात्या, हाक द्या की! आबा बोलेना, फळी उठेना, ओहोळ झुळझुळेना, ओढा खळाळेना, नदी वाहेना, माझं डबकं भरेना."

तात्या म्हणाला, "मी का? मी धाकटा. आधी मोठ्यानं हाक द्यायची. जा, आबाला सांग."

टिचकी थांबली. पुन्हा आबा? मग पुन्हा तात्या? मग पुन्हा आबा?

टिचकी चिडली. लालेलाल!

"मिश्या पांढऱ्या झाल्या, आणि रुसून बसता? तुमचा लसूण बुडाला. माझा जीव चालला. एवढे मोठे झालात, अक्कल कुठे ठेवलीत?"

तात्या म्हणाला, "ए! मोठ्यांशी असं बोलतात?"

"बरं. नाही बोलत," टिचकी म्हणाली.

आणि तात्याच्या अंगठ्याला... चिक्क!

"आई आई गं! दादाऽऽ! धाव रे!"

आबा उठला. बांधावरून धावला. धपाक धपाक!

"काय झालं रे, बाळ्या?"

"दादा, खेकडी! सोडव ना!"

"आधी फळी उचला," टिचकी म्हणाली. "मग सोडते."

"अरे दादा, जा की लवकर!"

आबा पळत आपल्या काठाला गेला. तात्यानं इकडून फळी धरली. अंगठ्याला टिचकी तशीच.

"होऽ!"

"हैय्या!"

फळी उठली. धबाऽधब!

टिचकीनं अंगठा सोडला आणि पाण्यात उडी मारली. डुबुक! आता चालतंय कोण?

फळी उठली, ओहोळ झुळझुळला. ओहोळ झुळझुळला, ओढा खळाळला. ओढा खळाळला, नदी वाहिली. नदी वाहिली, टिचकीचं डबकं भरलं. काठोकाठ!

टिचकी आत बसली. गार गार. दोन डोळे तेवढे वर.

बुड बुड बुड.

"हुश्श!"

गोष्ट गेली वाहून, झोपा पाय धुऊन.