धुरपताची अर्धी गोष्ट

एका गावात चिंचेचा एक व्यापारी होता, माणिकशेठ. त्याच्या वखारीत वीस बाया गोल बसून चिंचा फोडत. त्यांत सगुणा होती, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. तिच्या शेजारी धुरपता बसे. धुरपताची लेक शेवंता बाळंतपणात गेली होती. चिंचोके काढता काढता धुरपता रोज तिच्याबद्दल थोडं थोडं सांगे. बाया ऐकत. कुणी डोळे पुसे, कुणी आपलं दुखणं सांगे. हात मात्र कुणाचेच थांबत नसत.

शेठला हे खुपलं. "तोंडं बंद झाली की काम दुप्पट होईल," असं म्हणून त्यानं एकेक पोतं एकेकीच्या घरी धाडलं. बाया मुकाट्यानं घरी बसल्या. सगुणाही बसली, आणि त्याची तिला पुढे कायम लाज वाटली.

महिन्याभरात धुरपतानं अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून ती पडून राही. लोक म्हणाले, बाधा झाली. मग शेठच देवऋषी घेऊन तिच्या दारात आला. "खर्च माझा," त्यानं चारचौघांत सांगितलं.

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी शेठला अहोजाहो करणारी ती, आज तिला ते सुचलं नाही.

"कसली बाधा? लेकीचं सांगत सांगत ती सातव्या महिन्यापर्यंत आली व्हती. फुडचं तिच्या पोटातच ऱ्हायलं, तुझ्यापायी! आन् आता अंगारा लावतोस व्हय?"

"उद्यापासून तुला काम नाही!" शेठ गरजला.

सगुणाच्या घरात दुसरी मिळकत नव्हती. तरी ती घरी गेली, पोतं डोक्यावर घेऊन आली आणि तिनं ते शेठच्या पुढ्यात आपटलं. बाकीच्या बायांनीही आपापली पोती आणून टाकली. देवऋषी कधी सटकला ते कळलंही नाही.

सगुणा धुरपताच्या उशाशी बसली. बाया भोवती बसल्या.

"सातवा महिना लागला. मंग?" सगुणानं विचारलं.

धुरपतानं भिंतीकडचं तोंड बायांकडे वळवलं. मग बोलू लागली. नववा महिना, बैलगाडी, वाटेतला भरलेला ओढा. ती रडली, तिनं शिव्या घातल्या. शेवटी म्हणाली, "भाकर हाय का गं कुणाकडं?"

चार दिवसांनी चिंच काळी पडू लागली, तेव्हा शेठ बायांना बोलवायला आला. सगुणा म्हणाली, "येतो. पर गोल करूनच बसू. हात तुझ्या कामाला, तोंड आमचं हाय."

तात्पर्य: चार जणांत बसून दुःख बोलणं हे गरिबाचं औषध आहे, ते हिरावून घेणाऱ्यानं मागाहून दया दाखवायला येऊ नये.