नळीच्या खुर्चीचा निर्माता

विषय : नगर ग्रंथालयातील पोलादी नळीच्या जुन्या खुर्चीचा निर्माता निश्चित करणेबाबत.

खुर्चीवर कंपनीचा शिक्का नव्हता. भंगारात काढलेली खुर्ची पुढे मौल्यवान निघाली, तर महिनाअखेर निवृत्त होणाऱ्या ग्रंथपाल मालतीबाई टिपणीसांचं निवृत्तिवेतन अडकणार होतं. त्या धास्तीने त्यांना जेवण जात नव्हतं.

खुर्ची तपासायला नेमलेल्या समितीचे तज्ज्ञ घारपुरेसाहेब बराच वेळ खुर्चीखाली डोकं घालून होते. वर येऊन म्हणाले, "कुठल्यातरी पत्रेवाल्याचं काम आहे, बाई. भंगारात काढा. मीच नेतो, तुमची अडगळ जाईल."

मालतीबाईंना शंका आली. इतकी तपासणी, आणि तीही अडगळीची?

"बरं साहेब. पण नंबर घातल्याशिवाय इथली वस्तू बाहेर जात नाही," म्हणत त्यांनी ऑइलपेंटचा डबा उघडला आणि ब्रश चकचकीत नळीजवळ नेला.

"अहो, थांबा!" साहेब ओरडले. "बर्लिनच्या एर्लमानची अस्सल खुर्ची आहे ती! रंगाने मातीमोल होईल!"

"आभारी आहे. त्या पत्रेवाल्याचं नावच हवं होतं. आता तेवढं लिहून सही करा."

वर्तमानपत्रं खाली करून सगळे वाचक बघत होते, म्हणून साहेबांनी सही केली. मालतीबाईंचं निवृत्तिवेतन वेळेवर सुरू झालं. खुर्ची अभ्यासासाठी घरी नेण्याची परवानगी मागणारा साहेबांचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.