गौर कुणाकडे बघते

"सगळ्यांना डोळे काढायला दिले, मग मलाच का नाही?"

डॉक्टर हुपरीकरांनी हे विचारलं तेव्हा सगुणाआक्का माझ्या मुखवट्याचे ओठ पुसून पुन्हा रंगवत होत्या. मी काढलेल्या ओठांमुळे माझी गौर रुसून बसल्यासारखी दिसत होती.

"देऊ की," आक्का म्हणाल्या आणि ओठांकडे वळल्या.

वाचनालयामागच्या पडवीत दर रविवारी सकाळी आमचा हा हौसेचा वर्ग भरतो. आम्ही दहा जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आक्कांकडे शाडूचे गौरीचे मुखवटे करायला शिकतो. आक्का चौथी शिकलेल्या. डॉक्टर निवृत्त नेत्रतज्ज्ञ, तालुक्यातल्या निम्म्या डोळ्यांवरून त्यांचा हात फिरलेला. डोळ्यांचं आपल्याला कुणी काय शिकवावं, असं ते बोलून दाखवत नसत, पण लपवतही नसत.

त्यांच्या घरी एकच गौर उभी करतात. तिचा जुना मुखवटा माळ्यावरून काढताना डॉक्टरांच्या हातून पडला आणि फुटला. कुमुदताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डॉक्टर एकदा चहाच्या वेळी म्हणाले होते. मुखवटा फुटला त्याच दिवशी त्यांनी कुमुदताईंना कबूल केलं होतं, "यंदाचा मुखवटा मी करीन, डोळ्यांसकट."

गौर बुधवारी यायची होती. आज डोळे झाले नाहीत तर बाजारातला मुखवटा आणावा लागणार होता.

डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आक्कांच्या पेल्यातला बारीक ब्रश त्यांनी स्वतःच उचलला.

आम्ही सगळे आपापली कामं सोडून बघत राहिलो. डॉक्टरांचा हात जराही हलला नाही. दहा मिनिटांत दोन डोळे झाले, एकाला झाकून दुसरा काढावा इतके सारखे. मला त्यांचा हेवा वाटला.

आक्कांनी मुखवटा हातात घेऊन न्याहाळला.

"झकास."

डॉक्टर खुलले.

आक्कांनी उंच स्टुलावर एक मडकं पालथं घातलं, त्यावर मुखवटा टेकवला आणि खाली आपला पंचा साडीसारखा गुंडाळला. गौर उभी राहिली.

"आता बसा खाली. तिच्या पुढ्यात."

डॉक्टर खाली बसले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्याला दोन माणसं आणि एक खुर्ची लागली.

"बघती का तुमच्याकडं?"

डॉक्टरांनी मान वर केली. गौर त्यांच्या डोक्यावरून थेट समोरच्या भिंतीकडे बघत होती. ते डावीकडे सरकले, मग उजवीकडे. ती काही केल्या त्यांच्याकडे बघेना.

"दवाखान्यातला तक्ता वाचतीय जणू," आक्का म्हणाल्या.

आम्ही हसलो. डॉक्टरही हसले, जरा उशिरा. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि बुबुळं खाली घ्यायची तर नेमकी किती मिलिमीटर, असं विचारलं.

"घरात गौरीम्होरं कोण बसतं?"

"कुमुद बसते."

"कुठं?"

डॉक्टरांनी पट्टी परत खिशात ठेवली.

...

चाळीस वर्षं गौर त्यांच्या घरी येत होती. दर वर्षी ते दारातून हात जोडायचे आणि दवाखान्यात जायचे. कुमुदताई नेमक्या कुठं बसतात, ते त्यांना आठवत नव्हतं. आठवायला ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तेवढं त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आणि त्या क्षणी मला ते फार आवडले.

आक्कांनी ओला बोळा घेतला आणि ते दोन्ही डोळे पुसून टाकले.

"बघून या जावा."

डॉक्टर स्कूटरवरून घरी गेले. तासाभरानं परतले तेव्हा त्यांच्या पँटीचे गुडघे धुळीनं माखलेले होते आणि चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा झाला होता.

त्यांनी कुमुदताईंना रिकाम्या चौरंगापुढे बसायला सांगितलं होतं. हे काय खूळ, असं म्हणत त्या बसल्या, पण चौरंगापुढे नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी, उंबऱ्याला टेकून. पुरण करपू नये म्हणून त्या दर वर्षी तिथंच बसतात, म्हणजे गौरही दिसते आणि गॅसही. मग डॉक्टरही शेजारी जाऊन बसले. दोघं बराच वेळ रिकाम्या चौरंगाकडे बघत बसली आणि शेवटी कुमुदताईंना हसू आवरेना. मुखवटा फुटल्यापासून त्या पहिल्यांदाच अशा हसल्या, असं डॉक्टर म्हणाले. बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून पुसला.

आक्कांनी ब्रश त्यांच्या हातात दिला.

डॉक्टरांनी तो मुखवट्याजवळ नेला... आणि मागे घेतला.

"आक्का, उंबरा डावीकडे आहे. तिथं बघायचं तर दोन्ही बुबुळं खाली आणि कोपऱ्यात घ्यावी लागतील."

"घ्या की."

"अहो, पण समोरून बघणाऱ्याला तिरळी वाटेल ती. मी जन्मभर लोकांचे तिरळे डोळे सरळ केलेत."

आक्कांनी मुखवटा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"डॉक्टर, ती माहेराला आलीय, तुमच्या दवाखान्यात न्हाई. काढा."